तिसरी मागणी

पोफळीच्या वाडीत मान वर करून बराच वेळ उभं राहिलं की आपण वर बघतोय की खाली, हे कळेनासं होतं. झावळ्यांमधून येणारा उजेड हिरवा होऊन येतो. पाटातलं पाणी हळूहळू चालत असतं, पलीकडे समुद्र एकाच सुरात बोलत असतो, आणि वाटतं, आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत आणि वरचं सगळं जग पाण्यावर तरंगतंय. माझं अर्धं आयुष्य असं मान वर करून गेलं. मी झाडावरची सुपारी विकत घेते. घड हिरवे असतानाच वाडीमालकाशी अख्ख्या वाडीचा सौदा करते, मग पुढे वारा आला, माकडं आली, फळं गळली, तर ते माझं नशीब.

सुरुवात केली तेव्हा मी दुसऱ्यांच्या पडवीत असोली, सालीसकट वाळलेली सुपारी सोलायला बसायची. नखं काळी व्हायची, बोटांना चिरा पडायच्या. समोर व्यापारी आणि मालक भाव करत असायचे आणि कोपऱ्यात सोलणाऱ्या मुलीला कान आहेत, हे दोघांच्याही ध्यानात नसायचं. त्या पडवीत मी एकच गोष्ट शिकले. ज्या झाडांवर आपला जीव आला आहे, त्यांच्याकडे बघायचं नाही. चांगला व्यापारी वाडीत शिरला की आधी सगळ्यात रोगट कोपऱ्याकडे जातो, चुकचुकतो, मालकाच्या कौलांची चौकशी करतो, भलत्याच रांगेसाठी हुज्जत घालतो. मग निघता निघता, आत्ता आठवल्यासारखं म्हणतो, "आणि ती विहिरीकडची रांगही ह्यातच धरा." हवं ते शेवटी मागायचं आणि हलकेच मागायचं. ह्या एका रीतीवर मी स्वतःचं घर बांधलं, स्वतःचा टेम्पो घेतला. लग्नाच्या वेळीसुद्धा मी बापाकडे आधी दुसऱ्याच दोन स्थळांची चौकशी केली होती.

आमचे हे झाडावर चढायचे. ह्यांच्यासारखा चढणारा किनाऱ्यावर नव्हता, असं मीच म्हणते, आणि मी कुणाच्या मालाची उगाच तारीफ करत नाही. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. एका पोफळीच्या शेंड्याला पोचले की तिलाच झोका द्यायचे आणि झुकलेल्या झाडावरून पुढची पोफळ पकडायचे. खाली न उतरता अख्खी रांग पार करायचे. मी खाली उभी राहून बघायची. डोक्यावर माझा नवरा हिरव्या उजेडात झाडावरून झाडावर जातोय, आणि घड दोरीवरून सरसरत खाली येतायत. अजून कधी दुपारी डोळा लागला की मला तेच दिसतं. त्यात आवाज नसतो.

मग ते चक्रीवादळ आलं. दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर घरामागच्या आमच्या वाडीत ऊन पडलं होतं. जिथे मी जन्मात कधी ऊन बघितलं नव्हतं तिथे, ओल्या मातीवर, पांढरं स्वच्छ ऊन. मी कितीतरी वेळ त्या उन्हाकडेच बघत बसले, पडलेल्या झाडांकडे बघवेना. मागच्या दारातून समुद्र दिसत होता. तो तिथे आहे हे ठाऊक होतं, पण असा थेट घरात डोकावताना कधी दिसला नव्हता. त्यानंतरचे दिवस एकमेकांत विरघळल्यासारखे आठवतात. वीज नाही, फोन नाही. तारा रस्त्यावर वेलींसारख्या पडलेल्या. लोक हळू आवाजात बोलायचे, जणू कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही.

त्यातल्याच एका सकाळी हे पडलेल्या झावळ्या ओढत होते. म्हणाले, "काटा लागला गो." मला काटा दिसला नाही, फुरसं दिसलं. वीतभर, सुकल्या झावळीच्या रंगाचं, अंगाची वेटोळी घासत करकर आवाज करणारं.

आरोग्य केंद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या डॉक्टरांनी फ्रिज उघडला. तो उघडलेला दरवाजा मला अजून दिसतो. आत दिवा लागला नाही. त्यांनी सापाच्या लसीची एक बाटली काढली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि परत ठेवली. "वीज गेल्यापासून ही गरम राहिली आहे, वहिनी. हिचा भरवसा मी देऊ शकत नाही." माणूस खरं बोलला. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

शेजारच्या मोहल्ल्यातले चाचा आखातात बरीच वर्षं गाडी चालवून परत आलेले. त्यांनी आपली पिकअप काढली. मागे दोन माणसं करवत घेऊन बसली. दर वळणावर झाड आडवं. थांबायचं, कापायचं, पुढे जायचं. ह्यांचा पाय माझ्या मांडीवर फुगत चालला होता, आणि हे मला विचारत होते, "दार नीट लावलंस ना?" माणगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता, पण फार नाही. जीव वाचला. पायही राहिला, फक्त पोटरीचं मांस गेलं आणि घोटा वळेनासा झाला. हे पुन्हा झाडावर चढले नाहीत.

ह्यांनी ते स्वीकारलं. मी नाही. मी केंद्रासमोरचा रस्ताच सोडला. वाड्यांकडे जायला तोच जवळचा, तरी मी किनाऱ्याच्या बाजूने वळसा घालून जायची. वीज नंतर आली, डॉक्टर बदलले, पण पावसाळ्यात चार थेंब पडले की अजून दोन-दोन दिवस अंधार असतो, आणि अंधार झाला की मला तो दिवा न लागलेला फ्रिज दिसायचा. आज कुणाच्या पायाखाली फुरसं आलं तर? रागाचं असं आहे की इतर माल ठेवला की उतरतो, हा ठेवला की चढतो.

काही वर्षांनी निवडणूक आली. उमेदवारांच्या गाड्या आल्या, भोंगे आले. त्यातच एक उमेदवार एसटीने आला. माणगावला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर, कुठल्याच पक्षाचे नाहीत. त्यांचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला आणि त्यावर त्यांचा फोटोच नव्हता.

चाचांनी तो उलटसुलट केला. "भाभी, हा माणूस इलेक्शन लढवतोय की पेपर तपासतोय?"

मी मात्र कागद शब्दन् शब्द वाचला. त्यात तीनच गोष्टी होत्या: विज्ञान, ऊर्जा, आरोग्य. शाळांतल्या प्रयोगशाळा कुलपात नकोत, मुलांच्या हातात हव्यात. किनाऱ्यावरच्या विजेच्या तारा जमिनीखाली जाव्यात आणि सरकारी इमारतींच्या छपरावर सौरपट्ट्या बसाव्यात. आरोग्य केंद्राबाहेर फळा असावा आणि आज कुठलं औषध आहे, कुठलं संपलं, ते रोज त्यावर लिहावं. एका ओळीत असंही होतं की साप चावला तर मंत्राने विष उतरत नाही, त्यात वेळ घालवू नये. ती ओळ वाचून चाचा हसले. "गेली ह्यांची मतं. मंत्रवाल्यांचे भाऊबंद काय थोडे आहेत?"

सर आमच्या पडवीत येणार असं कळलं तेव्हा मी ह्यांना मागच्या दारी नारळ सोलायला बसवलं.

"मला का लपवतेस?" हे म्हणाले.

"गिऱ्हाइकाला घरातली जखम दाखवायची नसते."

"तो मतं मागायला येतोय. गिऱ्हाईक तो हाय का तू?"

मला हवं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. वीज असो नसो, केंद्रात सापाचं इंजेक्शन थंड राहावं. एवढं एकच. म्हणूनच त्याचं नाव आधी काढायचं नव्हतं.

सर आले, पायरीवर चपला काढून पडवीत बसले. बारीक माणूस, खांद्याला कापडी पिशवी. संध्याकाळचं तिरपं ऊन पडवीत आलं होतं आणि सोललेल्या सुपाऱ्यांच्या राशीवर पडून ती रास सोनेरी दिसत होती. मला तो सौदा फार देखणा होणार असं वाटायला लागलं.

"तुमचा कागद वाचला, सर," मी म्हटलं. "माल बरा आहे. पण आमच्या गावाला काय?"

"तुम्ही सांगा, ताई."

"पहिलं म्हणजे तारा. सगळ्याच्या सगळ्या जमिनीखाली. गावात एक खांब दिसता कामा नये."

वाटलं होतं, दचकतील. त्यांनी वही काढली. "वर्षभरात होणार नाही. पाच वर्षांत मुख्य रस्त्याच्या होतील, त्याही मी भांडलो तर. आणि खणताना तुमच्या वाड्यांच्या कडेची मुळं तुटतील. ते चालेल का?"

आपल्या मालातली खोट स्वतःहून सांगणारा विक्रेता मी तोवर बघितला नव्हता. मी जरा गडबडले. "चालेल," म्हटलं.

"दुसरं, शाळेला प्रयोगशाळा." ही मागणी मी सोडून देण्यासाठीच आणली होती. सोडायची गोष्ट जोरात मागावी लागते, नाहीतर आपण काही सोडलं असं समोरच्याला वाटत नाही. म्हणून मी आवाज चढवला. "मुलं नुसती पाठ करतात, सर. भिंगातून मुंगीसुद्धा बघितलेली नाही त्यांनी. आमच्या मुलांनी काय पाप केलंय?"

सरांचा चेहराच बदलला. शाळेत खोली आहे का, खिडक्या कुठल्या दिशेला, कपाटाची चावी कुणाकडे असते, विचारत गेले आणि लिहीत गेले. मला उत्तरं ठाऊक नव्हती, मी ठोकून दिली.

"सर, चहा निवतोय," राशीपलीकडे बसलेले चाचा म्हणाले. "भाभीचा चहा दुसऱ्यांदा मिळत नाही."

सर चहा पिऊन उठले. वही पिशवीत गेली. ते पायरीवर चपला घालायला वाकले तेव्हा मी अंगणातल्या कोंबडीकडे बघत म्हटलं, "आणि हो, त्या केंद्रातल्या फ्रिजचं वीज गेल्यावर काही होतंय का, तेवढं बघा जमलं तर."

"बघतो," ते म्हणाले.

मी मागच्या दारी गेले ती तरंगतच. "दोन मोठ्या गोष्टी कबूल करवल्या त्याच्याकडून."

"आणि तिसरी?" ह्यांनी विचारलं.

"ती शेवटी सांगितली."

"ऐकलीन का त्यानं?"

"न ऐकायला बहिरा आहे काय?"

ह्यांनी पुढचा नारळ सुळावर आपटला.

सर पडले. चांगलेच पडले. निवडून आलेला इकडे फिरकला नाही, आणि माझ्या रागात आणखी एका माणसाची भर पडली. इतका सुंदर सौदा केला आणि दुकानच बंद झालं. मी तो विषय काढेनाशी झाले.

मग एका शनिवारी हे काठी टेकत घरी आले ते चेहऱ्यावर काहीतरी घेऊन आले. खूप वर्षांपूर्वी, सबंध रांग पार करून उतरायचे, तेव्हा दिसायचं तसलं.

"आज मी सूर्यावरचे डाग बघितले," हे म्हणाले.

सर शाळेत आले होते. एसटीने, पिशवीत दुर्बीण, डब्यात भिंगं. निवडणूक हरले, पण एका बाईने मुलांसाठी इतक्या पोटतिडकीने मागितलं होतं ते त्यांना विसरता आलं नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणे. तेव्हापासून दर शनिवारी ते यायचे आणि हे जायचे. एकदा हे आमच्या पाटातलं पाणी बाटलीतून घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, "त्यात जनावरं हायत गो. काचेसारखी. आरपार दिसतात, आणि पोहतात." त्या दिवशी हे बराच वेळ पाटाच्या काठावर बसून होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. तीनपैकी जी मी टाकून द्यायला आणली होती, तेवढीच पदरात पडली होती.

पुढच्या शनिवारी मी शाळेत गेले, भांडायला. खोलीच्या खिडक्या मिटलेल्या, एकाच फटीतून दुर्बीण बाहेर काढलेली. आत काळोख, आणि काळोखात एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य. बशीएवढा, कडेला जरासा थरथरणारा. त्यावर दोन-तीन ठिपके, तांदळातल्या खड्यांसारखे. सूर्याकडे बघायचं नाही, पुठ्ठ्याकडे बघायचं, सर मुलांना सांगत होते. तो सूर्य हळूहळू पुठ्ठ्यावरून सरकत होता, आणि सर म्हणाले, तो सरकत नाही, आपण सरकतोय. माझ्या पायाखालची फरशी मला क्षणभर चालताना जाणवली. मी कशाला आले होते ते विसरले. मग आठवलं.

सरांना व्हरांड्यात बोलावलं. "तिसऱ्याचं काय झालं?"

"तिसरं कुठलं, ताई?"

त्यांनी तीच वही काढली. पान उलटलं, माझ्यापुढे धरलं. आमच्या गावाचं नाव, खाली दोन ओळी. तारा. प्रयोगशाळा.

"फ्रिज," मी म्हटलं.

ते आठवत राहिले. "चपला घालताना तुम्ही काहीतरी म्हणाला होतात."

"काहीतरी?" माझा आवाज असा चढला की खिडकीची फट मोठी झाली आणि मुलांची डोकी दिसायला लागली. मी त्यांना बरंच बोलले. हरलात ते बरं झालं, तीन गोष्टी कागदावर छापता आणि वहीत दोनच उतरतात, भिंगं घेऊन फिरता आणि माणसं पायाखालच्या सापाने मरतात, असं सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत बोलू द्यावं तसं ऐकलं. मग विचारलं, "जे मागायला आज इतक्या मोठ्याने बोललात, ते त्या दिवशी इतकं हळू का सांगितलंत?"

हे दारात काठीवर रेलून उभे होते.

"सर, ती रीतच हाय तिची," हे म्हणाले. "हवं त्याच्याकडं बघायचं न्हाय. लगनाआधी दोन वर्षं माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं. मला वाटलेलं, मी हिला आवडतच न्हाय." आणि खाली वाकून ह्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

मी पुढे झाले, तो खाली ओढायला. हात अर्ध्यावर गेला आणि तसाच राहिला. सर त्या पायाकडे बघत होते. मग मी जे बोलले तसं मी उभ्या जन्मात कुणाशी बोलले नव्हते. अख्ख्या बाजारासमोर पिशवी उपडी करावी तसं वाटत होतं.

"वीज गेली तरी आमच्या केंद्रात सापाचं इंजेक्शन मिळालं पाहिजे, सर. मला एवढंच हवंय. पहिल्यापासून एवढंच हवं होतं. तारा नकोत, प्रयोगशाळा नको."

"प्रयोगशाळा राहू दे," हे म्हणाले.

सर थोडे हसले. मग व्हरांड्याच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितलं की ही लस पावडरच्या रूपातही मिळते, ती थंड सावलीच्या जागी फ्रिजशिवाय टिकते आणि टोचायच्या वेळी पाणी घालून तयार करतात. "तुमच्या केंद्रात कुठली येते, विचारलंत कधी?"

मी त्या दिवसानंतर केंद्राची पायरी चढले नव्हते.

"माझ्याकडे आता खुर्ची नाही," ते म्हणाले. "पण अर्ज लिहून देऊ शकतो."

"अर्ज मी लिहीन."

"मग पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्याही नको."

सोपं वाटलं, पण चार कागद फाडले. प्रत्येक वेळी सुरुवात व्हायची गावाच्या नाना अडचणींपासून, आणि लस आपोआप तळाशी जाऊन बसायची. पाचव्या कागदावर मी डोळे मिटले, तो उघडा फ्रिज समोर आणला आणि पहिल्याच शब्दाला लसीचं नाव लिहिलं. अर्ज दीड ओळीत संपला.

केंद्रात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. मी भांडणाच्या तयारीने गेले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि मान वर केली. "वरून जी येते ती आम्ही ठेवतो. पावडरची हवी असं आमच्या मागणीपत्रात कुणी लिहिलेलं दिसत नाही. मी लिहिते." मग अर्जावरची सही बघून म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचं नर्सकडून ऐकलंय. त्यांना घेऊन या ना. घोट्याला थोडा व्यायाम देऊन बघू." मी उगाच पाच मिनिटं उभी राहिले, आणखी काहीतरी व्हायचं बाकी आहे असं वाटून. काही झालं नाही. जाताना मी त्यांना फळ्याचं सुचवलं.

"हे कुठे वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"एका हरलेल्या उमेदवाराच्या कागदावर."

बाटल्या दिवाळीनंतर आल्या. तारा अजून खांबांवरच आहेत, वारा सुटला की अंधार होतोच, आणि त्याचा राग मी कुठेही टाकलेला नाही. पण आता वाड्यांकडे मी जवळच्या रस्त्याने जाते. सकाळी केंद्राच्या पायरीशी ऊन आलेलं असतं, फळ्यावर खडूने औषधांची नावं असतात, आणि वरून तिसऱ्या ओळीत सर्पदंशाची लस, तिच्यापुढे 'आहे'. मी थांबते आणि सरळ त्या ओळीकडे बघते. वाडीत नवीन झाडं खांद्याच्या वर आली आहेत, पण डोक्यावर हिरवा उजेड व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, तोवर हे खडूचं पांढरं बरं वाटतं.

परवा चाचा पिकअप घेऊन मागून आले आणि हॉर्न न वाजवता थांबले. "भाभी, मालाकडे इतकं टक लावून बघू नका. भाव वाढेल."

"वाढू दे," मी म्हटलं, आणि ओळ पुन्हा वाचली.